व्यावसायिक आणि ऐतिहासिक इमारतींसाठी अग्निरोधक काच कशी निवडावी

नकाशावर किंवा मागणीपत्रात केवळ ‘६० मिनिटांची अग्निरोधक काच’ एवढेच लिहिले असेल, तर निवड अजून झालेलीच नाही असे समजावे. त्या ६० मिनिटांत काचेने नेमके काय अडवायचे आहे, हे त्या शब्दांत कुठेच येत नाही. ज्वाळा आणि तप्त वायू रोखणारी, पण पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला भाजेल इतकी उष्णता जाऊ देणारी काच ६० मिनिटांची असू शकते. ज्वाळांबरोबर उष्णताही रोखणारी काचही ६० मिनिटांचीच म्हणवते. दोहोंच्या जाडीत, वजनात आणि खर्चात मोठे अंतर असते. म्हणून मिनिटांचा प्रश्न दुसरा आणि ‘काय अडवायचे’ हा पहिला.

साधी काच आगीत टिकत नाही, याचे कारण ती वितळते हे नव्हे. तावदानाचा मधला भाग तापून प्रसरण पावतो, चौकटीत दडलेल्या कडा मात्र थंड राहतात, आणि या ताणामुळे काच पहिल्या काही मिनिटांतच तडकून गळून पडते. टफन्ड काच, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली काच, अधिक तापमानफरक सोसते. तरी केवळ टफन्ड असणे म्हणजे अग्निरोधक असणे नव्हे, हा गैरसमज बांधकामाच्या जागी वारंवार आढळतो. प्रमाणित चाचणीच्या भट्टीत ५ मिनिटांत सुमारे ५७६ अंश, ३० मिनिटांत ८४२ अंश आणि तासाभरात ९४५ अंश सेल्सिअस तापमान गाठले जाते.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक तावदानाच्या दोन्ही बाजूंना काय आहे, ते नकाशावर लिहून काढणे. काच जिन्याला किंवा बाहेर पडण्याच्या मार्गाला लागून असेल, तर आग लागल्यावर माणसे तिच्या अगदी जवळून जाणार आहेत. गोदाम आणि वाहनतळ यांच्यामधली काच असेल, तर माणसांपेक्षा पलीकडचा माल पेटण्याची चिंता मोठी. शेजारच्या इमारतीसमोरची बाह्य खिडकी हा तिसरा प्रकार. किती मिनिटांचे संरक्षण हवे, हे इमारतीचा वापर, उंची आणि भिंतीचे वर्गीकरण यांवरून स्थानिक नियम ठरवतात; ती संख्या अग्निसुरक्षा सल्लागाराकडून लेखी घ्यावी.

दुसऱ्या पायरीवर संरक्षणाचा प्रकार ठरवावा. युरोपीय वर्गीकरणात त्यासाठी तीन चिन्हे आहेत. ‘ई’ म्हणजे अखंडता : ज्वाळा आणि तप्त वायू पलीकडे जात नाहीत, पण उष्णतेच्या प्रारणाला, म्हणजे किरणांवाटे पलीकडे पोचणाऱ्या उष्णतेला, मर्यादा नाही. ‘ईडब्ल्यू’ या वर्गात काचेपासून १ मीटर अंतरावर प्रारण प्रति चौरस मीटर १५ किलोवॅटच्या आत राहावे लागते. ‘ईआय’ वर्गात आगीपासून दूरच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १४० अंशांहून आणि कोणत्याही एका बिंदूवर १८० अंशांहून अधिक वाढता कामा नये. यातला मधला वर्ग अनेकांना सुरक्षित तडजोड वाटतो. परंतु उघड्या त्वचेला प्रति चौरस मीटर सुमारे २.५ किलोवॅट प्रारणही फार काळ सोसवत नाही, हे लक्षात घेतले की १५ ही मर्यादा प्रामुख्याने वस्तू पेटू नयेत यासाठी आहे हे स्पष्ट होते. सुटकेच्या मार्गालगत मोठे तावदान असेल, तर ‘ईआय’ काचच मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी पद्धतीत हाच भेद दोन निराळ्या चाचण्यांतून येतो : दारे-खिडक्यांसाठी एक आणि भिंतीसाठी दुसरी. तिथे भट्टीनंतर बहुतेक काचांवर पाण्याचा जोरदार फवाराही मारला जातो. एका पद्धतीचे प्रमाणपत्र दुसरीकडे आपोआप चालत नाही.

प्रकार ठरला की काचेची निवड बरीच सोपी होते. तारजाळीची काच तडकते, पण जाळीमुळे जागेवर राहते. ती केवळ अखंडता देते, आणि आतल्या तारांमुळे धक्क्याला साध्या काचेहूनही दुबळी असते, म्हणून दारात आणि वावराच्या जागी ती तशीच बसवू नये. सिरॅमिक काच तापमानामुळे जवळजवळ प्रसरणच पावत नाही, त्यामुळे तापलेली असताना पाणी पडले तरी टिकते. ती पातळ असते. मात्र उष्णता आरपार जाऊ देते. उष्णता अडवायची असेल, तर काचेच्या अनेक थरांमध्ये सोडियम सिलिकेटचे पारदर्शक थर असलेली किंवा दोन काचांमध्ये जेल भरलेली काच लागते. सिलिकेटचे थर सुमारे १२० अंशांना फुगून अपारदर्शक होतात आणि उष्णता रोखून धरतात. या गुणाची किंमत वजनात मोजावी लागते : काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला २.५ किलो, आणि तासभर उष्णता रोखणारी काच सर्वसाधारणपणे २० ते २५ मिलिमीटर जाड. दोन चौरस मीटरचे तावदान त्यामुळे १०० किलोच्या घरात जाते, आणि बिजागऱ्या व चौकट तेवढा भार घेणाऱ्या असाव्या लागतात.

तिसरी पायरी, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित, ही की काच एकटी निवडायचीच नाही. चाचणी काच, चौकट, पट्ट्या, आधाराचे ठोकळे, आगीत फुगून फट बंद करणारी कडेची पट्टी आणि स्क्रू या सगळ्यांची मिळून होते, आणि प्रमाणपत्र त्या संचालाच लागू असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे आत पोलाद किंवा उष्णतारोधक भरण नसलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत उत्तमातली उत्तम काचही खाली येईल. पुरवठादाराकडून पूर्ण चाचणी अहवाल घेऊन तावदानाची कमाल लांबी-रुंदी, उभी-आडवी रचना, काचेवर चढणाऱ्या पट्टीची खोली आणि आग कोणत्या बाजूने धरली होती, या गोष्टी आपल्या कामाशी ताडून पाहाव्यात. दारे आणि जमिनीलगतची तावदाने यांना आघातसुरक्षेचे वेगळे प्रमाणपत्रही लागते. ऊन थेट पडणाऱ्या जागी फुगणाऱ्या थरांना अतिनील किरणांपासून जपणारा प्रकार मागावा.

ऐतिहासिक इमारतीत हा क्रम तोच राहतो, पण प्रत्येक पायरीवर मूळ बांधणी आड येते. जुन्या लाकडी दाराच्या सडपातळ पट्ट्यांतील खाच ४–५ मिलिमीटर काचेसाठी केलेली असते. तिथे पातळ सिरॅमिक काच बसेल, २३ मिलिमीटरची बसणार नाही. शिवाय मऊ लाकूड आगीत मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर जळते, म्हणजे अर्ध्या तासात आगीकडच्या बाजूने जवळपास २० मिलिमीटर. काच टिकली तरी पट्टी उरेल का, हा प्रश्न आधी सोडवावा. शिशाच्या पट्ट्यांत जडवलेल्या रंगीत काचांचे तर वेगळेच : शिसे ३२७ अंशांनाच वितळते, त्यामुळे अशी खिडकी स्वतः अग्निरोधक होऊ शकत नाही. तिला हात न लावता आतल्या बाजूने स्वतंत्र चौकटीत अग्निरोधक तावदान उभे करणे, हा बहुधा सर्वांत सन्मानाचा मार्ग असतो. मात्र दोन काचांमधली पोकळी उन्हाने किती तापेल हे उत्पादकाच्या तापमानमर्यादेशी ताडून घ्यावे.

जुने काहीही काढण्यापूर्वी ते काय आहे, हे ओळखावे. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून तांब्याच्या बारीक पट्ट्यांत जडवलेली लहान चौकोनी तावदाने आग अडवण्यासाठीच बसवली जात. तांब्याचा वितळणबिंदू १०८५ अंश असल्याने ती शिशाच्या जडणीहून कितीतरी टिकाऊ होती. तारजाळीची जुनी काचही कधी कधी इमारतीच्या इतिहासाचा भाग असते. अशा ठिकाणी काच बदलण्याऐवजी स्प्रिंकलर बसवणे, सुटकेचा मार्ग दुसरीकडून नेणे किंवा मागे अग्निरोधक दार उभारणे, असे पर्याय अग्निशमन अधिकारी आणि वारसा संरक्षण अधिकारी यांना एकत्र बसवून तपासावेत. दोघांना वेगवेगळे भेटल्यास परस्परविरोधी अटी पदरी पडतात.

शेवटची पायरी मागणी आणि बसवणीची. टफन्ड काच कापता येत नाही, आणि फुगणाऱ्या थरांच्या काचेच्या कडा कारखान्यातच सीलबंद केलेल्या असतात. म्हणून मापे चौकट उभी राहिल्यावर घ्यावीत आणि जागेवर कापणे-घासणे टाळावे. सील उघडले की ओल शिरून कडेपासून पांढुरकेपणा पसरतो. काचा उभ्या आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. प्रत्येक तावदानाच्या कोपऱ्यावर उत्पादक, वर्ग आणि मिनिटे दर्शवणारी कायमची मुद्रा बसवल्यानंतरही दिसली पाहिजे. तिचे छायाचित्र, चाचणी अहवाल आणि बसवणाऱ्याची नोंद इमारतीच्या अग्निसुरक्षा फायलीत लावावी, कारण काही वर्षांनी तडकलेले तावदान बदलताना दुरुस्ती करणाऱ्याला समोरची काच साधी आहे की अग्निरोधक, हे नुसते पाहून सांगता येणार नाही.