तांब्याचा हंडा उजळताना: चिंच दहा मिनिटं, कोरडं फडकं लगेच

तांब्याचं भांडं नुसतं फळीवर ठेवलं तरी काळं पडतं. हवा आणि ओल लागून त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आधी तपकिरी आणि मग काळपट. साबणाने तो हलत नाही, कारण साबणाचं काम तेलकटपणा काढण्याचं. हा थर विरघळवायला आंबट लागतं. चिंच, लिंबू, आमसूल, आंबट ताक यांतलं काहीही चालतं. जोडीला मीठ असलं की काम निम्म्या वेळात होतं.

घासायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, भांड्याला आतून कल्हई आहे का. स्वयंपाकाच्या जुन्या पातेल्यांत, लंगड्यांत ती असते आणि आतला रंग चांदीसारखा पांढरट दिसतो. त्या बाजूला चिंच-मीठही नको आणि खरखरीत घासणीही नको; कल्हई म्हणजे कथलाचा पातळ मुलामा, तो घासून निघून जातो. दुसरी, नव्या शोभेच्या भांड्यावर लॅकर, म्हणजे चमक टिकवायला दिलेला पारदर्शक थर, आहे का. बुडाशी लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात तिथे गुलाबी ठिपका उठला तर तांबं उघडं आहे. काहीच झालं नाही तर वर लॅकर आहे. असं भांडं साबणाच्या पाण्याने धुऊन पुसायचं, बस्स. लॅकरवर चिंच घासत बसण्यात हात दुखण्यापलीकडे काही मिळत नाही.

आता पंधरा लिटरचा हंडा धरून प्रमाण सांगतो. ५० ग्रॅम चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, कोळ काढा, त्यात २ चमचे मीठ घाला. पातळ कोळ हंड्याच्या पोटावरून ओघळून खाली येतो आणि ओघळांचे पट्टे तसेच उमटतात. म्हणून त्यात २ चमचे तांदळाचं पीठ कालवा, म्हणजे लेप जिथे लावाल तिथे टिकतो. चिंचेचा चोथा टाकू नका, घासायला तोच उत्तम.

आधी हंडा साध्या साबणाने धुऊन घ्या. तेलकट बोटांचे डाग राहिले तर तेवढ्या जागी आंबट पोचत नाही आणि भांडं कबरं दिसतं. बुडाला चुलीची काजळी असेल तर चाळलेली राख ओल्या काथ्यावर घेऊन ती आधी काढा. मग काठापासून खाली लेप लावत या. ५ ते १० मिनिटं पुरतात. या वेळात काळा रंग सुटून लेपच काळसर होताना दिसतो. चोथ्याने किंवा सुती चिंधीने घासा. हंड्याला मठार असेल, म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने ठोकून उठवतात तसे चकचकीत ठोके असतील, तर प्रत्येक ठोक्याच्या कडेला काळं साचलेलं असतं. तिथे जुना टूथब्रश फिरवा. तारेची घासणी मठारावर कधीही चालवू नका. ठोक्यांच्या कडा बोथट होतात, चरे पडतात, आणि पुढच्या वेळी काळं त्या चऱ्यांतच आधी बसतं.

भांडं गुलाबीसर दिसू लागलं की थांबा. बहुतेकांचं खरं चुकतं ते इथून पुढे. वरवर पाणी मारून हंडा निथळायला उपडा घातला की तासाभरात त्यावर तपकिरी ठिपके येतात. आंबट काठाच्या वळणात अडकून राहिलेलं असतं, आणि बोअरच्या पाण्याचे थेंब सुकताना क्षार सोडतात. तेव्हा भरपूर पाण्याने धुवा, शेवटी १ लिटर पाण्यात १ चमचा खायचा सोडा विरघळवून ते सगळीकडून फिरवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि लगेच सुती फडक्याने पुसा. काठाची वळलेली पट्टी बोटाने दाबत पुसा. ओल तिथेच राहते, आणि हिरवं पहिल्यांदा तिथेच दिसतं.

हे हिरवं कोरडं खरवडू नका. ती तांब्याची संयुगं आहेत, पोटात जाऊ नयेत, नाकातही नकोत. लिंबाची फोड मिठात बुडवून ओलंच घासा आणि ते पाणी टाकून द्या. लेप रात्रभर ठेवला तर जास्त उजळेल, हा समज सोडा. आंबट सुकून उलट हिरवे डाग पडतात. संडास धुण्याचं अ‍ॅसिडही नको. चमक झटकन येते, पण पृष्ठभाग खातो, आणि पितळी कडी असेल तर तिच्यातलं जस्त आधी जातं. आंबट आणि ब्लीच तर एकत्र कधीच आणू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

पिण्याच्या पाण्याचा हंडा आतून रोज विसळा, आठवड्याने अर्ध्या लिंबाने चोळून धुवा, जुनं पाणी ओतून मगच नवं भरा. सरबत, ताक, सोलकढी त्यात ठेवू नये. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर तांबं चालत नाही, आणि आंबट पदार्थात ते साध्या पाण्यापेक्षा फार जास्त उतरतं. ताक कळकतं म्हणतात ते यामुळेच.

कल्हई उडून आतून तांबूस दिसायला लागलं की नुसतं घासून भागत नाही, कल्हईवाला गाठावा लागतो. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि वितळलेलं कथील कापसाने आतून फिरवतो. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका.

तांब्याचं सिंक बसवलं असेल तर मात्र नियम उलटा. तिथे काळसर थर येऊ द्यायचा, तोच सिंकचं रक्षण करतो. रोज सौम्य साबण, मऊ स्पंज, आणि रात्री कोरडं फडकं. लिंबाची साल तळाशी राहिली तर तेवढा गुलाबी डाग पडतो; तो आपोआप काही आठवड्यांत काळवंडून बाकीच्याशी मिळतो, त्यासाठी अख्खं सिंक घासू नका.

तांब्याच्या बाटलीत हात जात नाही. एका लिंबाचा रस, १ चमचा मीठ, मूठभर तांदूळ आणि पाव बाटली कोमट पाणी घालून २ मिनिटं हलवा, ३-४ वेळा धुवा. झाकण लावून वाळवायला ठेवू नका. झाकणातली रबराची रिंग सुरीच्या टोकाने काढा. वास येतो तो बहुतेकदा तिच्या मागून. रिंग निघतच नसेल अशी बाटली विकत घेऊ नये.