उजाड डोंगरउतारावर आधी राखण, मग लागवड

पर्जन्यछायेतील उघड्या डोंगरउतारावर काम हाती घेताना पहिल्याच वर्षी खड्डे खोदण्याची घाई करू नये. वरून बोडकी दिसणारी जमीन पुष्कळदा आतून जिवंत असते. धावडा, पळस, खैर यांच्या तोडलेल्या खुंटांना दरवर्षी फुटवे येतात आणि दरवर्षी ते शेळ्यांच्या तोंडी किंवा वणव्यात जातात. म्हणून चैत्रात पालवी फुटू लागली की सगळा उतार पायी फिरून असे खुंट शोधावेत, प्रत्येकाजवळ काठी रोवावी आणि वहीत नोंद करावी. विकतची रोपे किती कमी लागतील, हे त्या नोंदीवरूनच कळते.

खरे काम राखणीचे आहे आणि ते सर्वांत अवघडही आहे. ज्यांची जनावरे त्या उतारावर चरतात त्यांना विश्वासात न घेता केलेली चराईबंदी टिकत नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, पण गवत कापून नेण्याची वाट मोकळी ठेवली. जनावरांना चारा मिळत राहिला तरच बंदी लोकांची होते. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागताच हद्दीलगतचा पट्टा कापून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढावी.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावरचे एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे पावसाळ्याआधी धारदार कोयत्याने छाटावेत. करवंद, बोर, हेकळ यांच्या जाळ्या मात्र साफ करू नयेत, कारण त्यांच्या काट्यांआड कोवळी रोपे सुरक्षित वाढतात. घाणेरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बिया पक्षी दूरवर नेतात, म्हणून ती फळे धरण्याआधी मुळासकट, पण टप्प्याटप्प्याने काढावी, म्हणजे उतार एकदम उघडा पडत नाही.

दोन-तीन पावसाळे राखूनही जेथे काहीच उगवले नाही, तेवढ्याच जागी जवळपासच्या झाडांचे बी टोकावे. पळसाचे बी ताजेच वापरावे. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या खरखरीत दगडावर घासून रात्रभर भिजवाव्यात. समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खोदलेले चर असतील, तर त्यांच्या बांधांवर पवना व मारवेल गवताचे बी पेरल्यास माती धरून राहते. लवकर हिरवे दिसावे म्हणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ अशी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे लावण्याचा मोह आवरावा.

एक गोष्ट काम ठरवण्यापूर्वीच तपासावी. सोलापूरकडच्या नान्नजसारखे मूळचेच गवताळ माळरान उजाड नसते. काळवीट, लांडगा आणि आता जवळपास दिसेनासा झालेला माळढोक पक्षी यांचे ते घर. तेथे झाडे लावू नयेत, गवतच राखावे.