पर्सनॅलिटी टेस्ट आणि लाय डिटेक्टर: रिपोर्ट हातात आल्यावर काय तपासायचं

लोकलच्या स्टेशनांवर दिव्यांची रोषणाई असलेला वजनकाटा असायचा. नाणं टाकलं की खट्‌कन जाड तिकीट बाहेर पडायचं. त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला ‘तुम्ही मनाने हळवे आहात, पण तसं दाखवत नाही’ अशा धाटणीचं भविष्य. वजन दुसऱ्या काट्यावर पडताळता येतं, भविष्य येत नाही. तरी लोक आधी भविष्यच वाचायचे. अंधेरीच्या ऑफिसात एचआरने दिलेला रिपोर्ट असो की डोंबिवलीच्या क्लासने काढलेला मुलाच्या बोटांच्या ठशांचा, तो तिकिटाच्या कुठल्या बाजूचा आहे, हे आधी ठरवायचं.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. टीममधल्या सहा जणांचे रिपोर्ट घ्या, नावं आणि माणसाचा ‘प्रकार’ सांगणारी अक्षरं असतील तर ती खोडा, पानं पिसा आणि प्रत्येकाला आपला वाटेल तो एकेक उचलायला सांगा. डोळे मिटून उचलले तरी सरासरी एकाच्या हाती स्वतःचाच रिपोर्ट येतो, त्यामुळे एक-दोन जण बरोबर आले तर त्यात नवल काही नाही. चौघांना किंवा अधिकांना आपापला सापडला, तर मात्र रिपोर्टात प्रत्येकाबद्दल काहीतरी वेगळं लिहिलंय असं म्हणता येईल. निव्वळ नशिबाने तसं ४५ वेळांत एखाद्या वेळीच होतं. ‘अगदी माझंच वर्णन!’ या उद्‌गाराला पुरावा समजू नका. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचा खास अहवाल’ म्हणून एकच मजकूर वाटला. त्यातली वाक्यं स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

दुसरी तपासणी म्हणजे तीच टेस्ट चार ते सहा आठवड्यांनी, आधीची उत्तरं न पाहता, पुन्हा देणं. एमबीटीआयसारख्या, माणसाला चार अक्षरांचा ‘प्रकार’ चिकटवणाऱ्या टेस्ट इथेच अडखळतात. पाच आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदलतं. काही अभ्यासांत असे लोक निम्म्याच्या आसपास निघाले. कारण साधं आहे. अंतर्मुख-बहिर्मुख हा गुण उंचीसारखा सलग पसरलेला असतो आणि बहुतेक माणसं मधोमध असतात. तिथेच रेघ मारून ‘या बाजूचे’ आणि ‘त्या बाजूचे’ असं वाटलं, की रेघेजवळचा माणूस मूड बदलला तरी उडी मारतो. नोकरीसाठी निवड करायला ही टेस्ट वापरू नका, असं तिचे प्रकाशकच सांगतात. तरी वापरतात, तो भाग वेगळा.

रिपोर्टात अक्षरांऐवजी आकडे असतील, तर चूक किती धरायची तेही काढता येतं. समजा गुण ५० सरासरी आणि १० प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) या मोजपट्टीवर आहेत आणि टेस्टची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येण्याचं माप, शून्य ते एकच्या पट्टीवर ०.८० आहे. एकातून ०.८० वजा करा, वर्गमूळ काढा, दहाने गुणा: साधारण ४.५. याच्या दुप्पट जागा दोन्ही बाजूंना सोडा. म्हणजे ५५ गुणांचा खरा अर्थ ‘बहुधा ४६ ते ६४ च्या दरम्यान कुठेतरी’. एका उमेदवाराला ५५ आणि दुसऱ्याला ५९ मिळाले म्हणून दुसरा निवडणं म्हणजे नाणेफेकच, फक्त जास्त महाग.

विश्वसनीयता असली म्हणजे सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं म्हणतात तेच मोजलं जाणं, असतेच असं नाही. रोज चार किलो जास्त दाखवणारा काटा अगदी सातत्याने चुकतो. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी डीएमआयटी हा त्याचा नमुना. ठसे आईच्या पोटातच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट दहादा काढला तरी तोच येईल. पण ठशांच्या वळणांचा गणिताच्या गोडीशी संबंध कुणी दाखवलेला नाही, आणि इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही या टेस्टला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. ते पैसे वाचवा.

म्हणून टेस्ट विकणाऱ्याकडे चकचकीत ब्रोशर नव्हे, तांत्रिक मॅन्युअल मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. पुनर्चाचणीचा सहसंबंध, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वेळचे गुण किती जुळतात ते, किती? ०.८० च्या वर असेल तर बरं, ०.७० च्या खाली असेल तर एकट्या माणसाबद्दल निर्णय घेऊ नका. प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठीची सरासरी, कुणावरून काढली? अमेरिकन कॉलेजातल्या मुलांची सरासरी लालबागच्या मराठी माध्यमातल्या उमेदवाराला लावली तर आकडा दिसतो नेमका, पण असतो निरर्थक. भाषांतराचंही तेच. ‘आय ॲम द लाइफ ऑफ द पार्टी’ हे एका प्रसिद्ध प्रश्नावलीतलं वाक्य. गिरगावच्या चाळीत दहा दिवस गणपतीचा मांडव गाजवणारी बाई ‘मी पार्टीला जात नाही’ म्हणून शून्य गुण घेईल. आणि तिसरं, या गुणांवरून पुढे नेमकं काय ओळखता आलं? ‘ग्राहक समाधानी आहेत’ हे त्याचं उत्तर नव्हे.

त्यातल्या त्यात बरं मॉडेल बिग फाइव्ह, म्हणजे प्रकार न पाडता पाच गुण मोजणारं. तिथेही अपेक्षा बेताची ठेवा. पाचांपैकी काटेकोरपणा या गुणाचा कामगिरीशी सहसंबंध ०.२ च्या आसपास येतो. त्याचा वर्ग केला तर चार टक्के, म्हणजे माणसामाणसाच्या कामगिरीतल्या फरकापैकी एवढाच भाग या गुणाशी जोडता येतो. हजार जणांच्या भरतीत याचा थोडा उपयोग, समोर बसलेल्या एका माणसासाठी फारसा नाही. शिवाय नोकरी पणाला लागलेली असताना ‘मी कामं वेळेवर करतो’ याला नाही कोण म्हणेल?

ऑफिसांत चालणारी, वागण्याच्या चार तऱ्हा पाडणारी ‘डिस्क’ टेस्ट ज्या कल्पनेवर उभी आहे, ती विल्यम मार्स्टनने १९२८ मध्ये मांडली. याच गृहस्थाने रक्तदाबावरून खोटं पकडण्याचा दावा केला होता आणि १९२३ मध्ये अमेरिकन कोर्टाने तो पुरावा नाकारला. दोन्ही दुकानं एकाच माणसाची!

पॉलिग्राफ, म्हणजे लाय डिटेक्टर, खोटं मोजत नाही. दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी बघतो, छाती-पोटावरच्या दोन नळ्या श्वास, आणि बोटांवरच्या पट्ट्या घाम. नेहमीच्या पद्धतीत ‘तिजोरी तू उघडलीस का?’ या प्रश्नावरची धडधड ‘आयुष्यात कधी कुणाची वस्तू न विचारता घेतलीस का?’ या प्रश्नावरच्या धडधडीशी ताडून बघतात. निर्दोष माणूसही तिजोरीच्या प्रश्नालाच जास्त घाबरू शकतो, कारण नोकरी त्यावर अडकलेली असते.

आता हिशोब करा. झवेरी बाजारातल्या एका पेढीवर १०० कारागीर आणि चोर एक. मशीन दोन्ही बाजूंनी ८५ टक्के अचूक आहे असं उदारपणे धरू. ९९ निर्दोषांपैकी साधारण १५ जण ‘खोटे’ ठरतील. म्हणजे नापास सोळा, त्यात चोर फार तर एक. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये असाच हिशोब मांडला: १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर, त्यातले आठ पकडायचे तर १,६०६ जण नापास होतात. उलट सीआयएतला हेर आल्ड्रिच एम्स हेरगिरी करत असतानाच दोनदा पॉलिग्राफ पास झाला.

त्यापेक्षा भक्कम पद्धत डेव्हिड लिकेनने १९५९ मध्ये मांडली: फक्त गुन्हेगारालाच माहीत असेल असा तपशील विचारायचा. दागिन्याची डबी कुठल्या रंगाची होती? सहा पर्याय वाचायचे. पहिला नेहमी खोटा ठेवायचा आणि मोजायचा नाही, कारण पहिल्या शब्दाला कुणीही दचकतं. उरलेल्या पाचांत खऱ्या रंगावरच सर्वांत मोठी प्रतिक्रिया योगायोगाने येण्याची शक्यता पाचात एक. असे सहा प्रश्न लागोपाठ जुळण्याची १५,६२५ मध्ये एक. ही पद्धत फसते ती तपशील फुटल्यावर. डबीचा रंग संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की संपलं. नजर चोरतो म्हणून खोटारडा, हे तर सोडूनच द्या. नुसतं बघून-ऐकून खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के बरोबर येतात.

पोलिसांनी कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत टेस्टला नेण्याची गोष्ट काढली, तर सर्वोच्च न्यायालयाचा ५ मे २०१० चा सेल्वी निकाल लक्षात ठेवा: संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही. संमती दिली तरी टेस्टचा निष्कर्ष हा स्वतःच पुरावा होत नाही. मात्र स्वेच्छेने दिलेल्या टेस्टच्या मदतीने पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती कोर्टात येऊ शकते. हो म्हणण्याआधी वकील गाठा. संमती पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० च्या मार्गदर्शक सूचनाच तशा आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या, दमा, आदल्या रात्रीचं जागरण, सगळं लेखी नोंदवायला लावा. आणि मालकाने खासगी माणसाकडून मशीन आणलं असेल, तर त्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी तो फॉर्म वकिलाला दाखवा.