गावातला जुना खोकला तपासणीपर्यंत कसा न्यावा

विदर्भात तंबाखू म्हटलं की आधी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आठवतो, आणि तोंडाच्या कॅन्सरची शिबिरं गावोगाव होतातही. फुफ्फुस मात्र मागे राहतं. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही. जुना खोकला फुफ्फुसाच्या कॅन्सरचाही असू शकतो. म्हणून अशा माणसांना तपासणीपर्यंत नेण्याचं काम बचत गट, ग्रामपंचायत आणि आशाताईंनी मिळून उचलायचं आहे.

सुरुवात यादीपासून करा. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांची जोखीम ओळखायची प्रश्नावली, भरतात. बिडी-सिगारेट, दोन आठवड्यांवरचा खोकला, थुंकीतून रक्त, स्वयंपाकाचं इंधन हे सगळं त्यात असतं. भरलेले फॉर्म फाईलला लागून राहू नयेत. त्यातून जोखमीची नावं वेगळी काढण्याची विनंती उपकेंद्राला करा. ही यादी त्यांच्याकडेच राहू द्या, चावडीवर वाचू नका.

"बिडी पिता का?" असं विचारलं तर "कधीमधी" एवढंच उत्तर येतं. "बिडीचा कट्टा (बंडल) किती दिवस पुरतो?" असं विचारा, खरं कळतं. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाया, कोळसा खाणीत किंवा गिट्टी क्रशरवर राबलेली माणसं यांनी बिडी कधी ओढली नसेल, तरी खोकला असेल तर त्यांना वगळू नका.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते. रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे म्हणतात, "बिडीचा खोकला आहे, काई नाई होत." माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथंच हातची जातात. टीबी नाही, पण खोकला आहेच, तर कारण शोधायचं बाकी आहे. छातीचा एक्स-रे काढा. तो साफ आला तरी थुंकीत रक्त, बसलेला आवाज, उतरत चाललेलं वजन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल स्पष्ट विचारा. टीबीच्या गोळ्या चालू असून उतार नसेल तरीही परत दाखवा. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

काहीच त्रास नसलेल्या पण खूप ओढणाऱ्यांसाठी कमी मात्रेचा, म्हणजे कमी किरणांचा, सीटी स्कॅन असतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, एक्स-रेच्या तुलनेत या तपासणीनं फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. तिथं ५० ते ८० वयाच्या, २० वर्षं रोज एक पाकीट इतकं ओढलेल्यांना ती सुचवतात. सोडून १५ वर्षं झाली नसतील त्यांनाही. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसू शकतात. म्हणून सरसकट शिबिर नको, छातीच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा.

पुढं पाठवायचं तर नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), तिथलंच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. कापूस वेचणीत मजुरी बुडते म्हणून माणूस जाणं टाळतो. तीन-चार जणांची एकच गाडी करा, सोबत एक जाणतं माणूस द्या. आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म पिशवीत आहेत ना, ते निघतानाच पाहा. दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा.

बिडी सोडायला तयार असलेल्यांना तिथल्या तिथं तंबाखू सोडवण्याच्या मदतीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लावून द्या.