जुन्या नोटांचं ग्रेडिंग : कंपनी कुठली निवडायची आणि नोट कुठली पाठवायचीच नाही

आपल्या नाशिकमध्ये जुन्या नोटा जमवणारे पुष्कळ आहेत आणि ते साहजिकच आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ ला पाचव्या जॉर्जची ५ रुपयांची नोट छापली गेली, त्याआधी सरकारी नोटा इंग्लंडमधून छापून यायच्या. त्यामुळे घरात आजोबांच्या पेटीत, पोथीत, एलआयसीच्या जुन्या फाइलीत अशी एखादी नोट सापडली की आपल्याकडे तिचं कौतुक होतं आणि मग कोणीतरी सांगतं, स्लॅब करून घे (म्हणजे ग्रेडिंग करून सीलबंद होल्डरमध्ये घालून घे), डबल भाव येईल. इथेच लोकं घाई करतात. कुठली कंपनी हा प्रश्न दुसरा आहे, आधी ही नोट ग्रेडिंगला द्यायची का आणि कशासाठी ते ठरवा, कारण त्याच्या उत्तरावरूनच कंपनी ठरते.

ग्रेडिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे जा. कंपनी नोट अस्सल आहे का बघते, तिची अवस्था बघून ७० पैकी नंबर देते आणि सीलबंद प्लॅस्टिक होल्डरमध्ये घालून परत पाठवते. हा ७० चा स्केल मुळात नाण्यांचा, विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलेला, नंतर तो नोटांनाही लागू झाला. ६० च्या वर म्हणजे न वापरलेली, ६५ म्हणजे जेम, जवळजवळ निर्दोष, ५० ते ५८ म्हणजे जवळपास कोरी पण कुठेतरी हलकी घडी किंवा हाताळल्याची खूण आहे, ४० आणि ४५ ला घड्या दिसतात पण नोटेत दम असतो, २० ते ३५ मध्ये नोट व्यवस्थित फिरून आलेली. भावाच्या दृष्टीने सगळा खेळ ५८ आणि ६४-६५ च्या मधल्या पट्ट्यात आहे, एका हलक्या घडीने किंमत कुठल्या कुठे जाते.

म्हणून पहिलं काम, नोट स्वतः ग्रेड करायला शिका. यात कंजूषी करू नका, महिनाभर लागला तरी चालेल. संध्याकाळी खिडकीशी किंवा टेबललॅम्पखाली नोट तिरकी धरा, सरळ बघून घडी दिसत नाही, उजेड बाजूने पडला की मधली उभी घडी लगेच उठून दिसते. मग नोट उजेडासमोर धरा म्हणजे टाचणीची आणि स्टेपलची भोकं दिसतील. आपल्या नोटांचं हे एक वेगळं प्रकरण आहे, बँकेत गड्ड्या स्टेपल करायची पद्धत कित्येक वर्षं होती, रिझर्व्ह बँकेच्या क्लीन नोट पॉलिसीनंतर ती हळूहळू बंद झाली, त्यामुळे एकदम कोऱ्या करकरीत नोटेलाही डाव्या बाजूला दोन भोकं असू शकतात. कंपन्यांना हे माहिती आहे, लेबलवर स्टेपल होल्स ॲट इश्यू असा शेरा मारतात, म्हणजे भोकं नोट बँकेतून निघतानाच होती, नंतर कोणी पाडलेली नाहीत. पण टाचणी गंजून तपकिरी डाग पडला असेल तर ती गोष्ट वेगळी, तो डाग नोटेच्या विरोधातच जातो.

त्यानंतर कागद. माझ्या मते नंबरापेक्षा कागद महत्त्वाचा आणि नवीन लोकं नेमकं इथेच फसतात. बाजारात नोटा धुऊन, दाबून, इस्त्री करून विकल्या जातात. धुतलेली नोट लुळी पडते, रंग फिका होतो, आणि दाबलेल्या नोटेवर बोट फिरवलं तर छपाईचा उठाव लागत नाही, सगळं सपाट. छोटी यूव्ही टॉर्च घ्या, फार महाग नसते. जुना कागद तिच्याखाली मंद दिसायला हवा, निळसर पांढरा झगझगीत चमकला तर नोट डिटर्जंटमधून गेलेली असू शकते किंवा मुळातच नकली. आणि कडा मोजा. त्याच सिरीजची दुसरी नोट शेजारी ठेवून पट्टीने उंची-रुंदी बघा, कारण मळलेली कड कापून नोट टोकदार करणारे महाभाग आहेत.

कड कापण्यावरून बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंच्या चित्रांच्या जमवायच्या कार्डांचा, एक किस्सा सांगतो, कारण ग्रेडिंगच्या धंद्याबद्दल त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. अमेरिकेत पीएसए ही कार्ड ग्रेड करणारी कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली आणि तिने पहिलंच कार्ड जे ग्रेड केलं ते होनस वॅगनर या खेळाडूचं, १९०९ ते १९११ च्या टी२०६ सिरीजमधलं, जगातलं सगळ्यात नावाजलेलं कार्ड. त्याला १० पैकी ८ दिले. पुढे २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की ते कार्ड त्याने कडेने कापलं होतं. म्हणजे स्लॅब हे एका अनुभवी माणसाचं मत आहे, देवाचा कौल नाही. स्लॅबमधली नोट विकत घेतानाही डोळे उघडे ठेवूनच घ्या.

आता कंपन्या. जुन्या भारतीय नोटांसाठी खरी निवड दोघांतच आहे, पीएमजी आणि पीसीजीएस बँकनोट. पीएमजी म्हणजे पेपर मनी गॅरंटी, फ्लोरिडातल्या सारासोटाची, २००५ पासून, नाणी ग्रेड करणारी एनजीसी तिचीच बहीण. इथल्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये भारतीय नोटांबरोबर सगळ्यात जास्त याच कंपनीचे होल्डर दिसतात आणि घेणाऱ्याला तेच ओळखीचं आहे. कागद मूळ असेल, म्हणजे धुणं, दाबणं, दुरुस्ती यातलं काही झालेलं नसेल, तर ईपीक्यू अशी अक्षरं लेबलवर येतात, आणि ६५ किंवा त्यावरचा नंबर ईपीक्यू असल्याशिवाय मिळतच नाही. म्हणून लेबलवर ६४ आहे पण ईपीक्यू नाही असं दिसलं की थांबा आणि का नाही ते विचारा. आणखी एक, पीएमजीच्या होल्डरवर दोषांचे शेरे मागच्या बाजूला असतात, विकणारे व्हॉट्सॲपवर फक्त पुढचा फोटो टाकतात, मागचा फोटो मागितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पीसीजीएसच्या बाबतीत थोडा इतिहास माहिती असावा लागतो. पीसीजीएस करन्सी या नावाने जुनी कंपनी होती ती २०१९ मध्ये बंद पडली, आणि २०२० मध्ये पीसीजीएस बँकनोट नावाने वेगळी सुरुवात झाली. नावं सारखी म्हणून जुन्या होल्डरची हमी नवी कंपनी घेईल असं धरून चालू नका, जुन्या होल्डरमधली नोट घेताना ती उघडी, म्हणजे ग्रेड न केलेली, आहे असं समजून तपासा आणि तसाच भाव द्या. नव्या पीसीजीएसची ग्रेडिंग चांगली आहे, मूळ कागदासाठी त्यांच्याकडे पीपीक्यू लिहितात, आणि दोष असलेल्या नोटेवर स्पष्ट डिटेल्स असा शिक्का येतो, तो मला आवडतो कारण लपवाछपवी राहत नाही. हेरिटेज किंवा स्टॅक्स बोवर्ससारख्या अमेरिकेतल्या मोठ्या लिलावांत दोन्ही चालतात.

मग निवडायचं कसं? नोट इथेच, भारतातल्या लिलावात किंवा ग्रुपवर विकायची असेल तर पीएमजी घ्या, फार डोकं लावू नका. नुसतं अस्सल आहे का एवढंच बघायचंय, विकायची नाही, तर दोघांपैकी जिची फी आणि वेळ परवडेल ती. आणि तुमच्याकडे आधीच एकाच कंपनीच्या होल्डरमध्ये सेट चाललेला असेल, समजा चिंतामणराव देशमुखांच्या सहीच्या नोटा, तर कंपनी मध्येच बदलू नका, सेट विकताना एकसारखे होल्डर असले की घेणारा खूश असतो. देशमुखांच्या सहीचं आपल्याकडे विशेष आहेच, ते १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, सहाव्या जॉर्जच्या चित्राशेजारी आपल्या रायगडच्या माणसाची सही, आणि म्हणूनच त्या नोटांना मराठी घरांत कायम मागणी असते.

इतरही संस्था आहेत, काही भारतातल्या, काही नुसत्या चकचकीत लेबलवाल्या. पारखायला तीन प्रश्न पुरतात : सर्टिफिकेट नंबर टाकला की त्यांच्या वेबसाइटवर नोटेचा फोटो दिसतो का, नोट नकली निघाली तर पैसे भरून देण्याची लेखी हमी आहे का, आणि ग्रेड करणारे स्वतःच नोटा विकतात का. शेवटच्याचं उत्तर हो असेल तर लांब राहा. जो स्वतःचा माल स्वतः ग्रेड करतो त्याचा नंबर मी तरी मोजत नाही.

खर्चाचं गणित कागदावर मांडा. आकडे फक्त समजावायला घेतोय, समजा तुमची नोट उघडी ३,००० ला जाते, ६४ आला तर ६,००० ला जाईल आणि ५५ आला तर ३,५०० ला, आणि फी, ने-आण, डीलरचं हँडलिंग, विमा सगळं धरून २,००० जातात. मग ६४ येणार याची तुम्हाला खात्री असेल तरच पाठवण्यात अर्थ आहे, ५५ आला की खिशातूनच गेले. म्हणून वर म्हणालो की आधी स्वतः ग्रेड करायला शिका. ७८६ च्या नंबरवाल्या अलीकडच्या नोटा, साध्या १०-२० च्या कोऱ्या नोटा, यांच्या मागे शक्यतो पैसे घालू नका. कंपनीच्या वेबसाइटवर पॉप्युलेशन रिपोर्ट असतो, तुमच्या नोटेच्या किती कुठल्या ग्रेडला आहेत ते त्यात दिसतं. फक्त एकच नोट होल्डरमधून काढून पुन्हा पुन्हा पाठवली तरी आकडा वाढू शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता कायद्याचं, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण ग्रेडिंगच्या गप्पांत हे कोणी बोलत नाही. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांची झाली की पुरावस्तू ठरते आणि सामान्य माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, दस्तऐवजांसाठी तर ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. नाशिकला छापलेली ती पहिली ५ रुपयांची नोट २०२८ मध्ये शंभरी गाठते, आणि इंग्लंडमध्ये छापलेल्या तिच्या आधीच्या नोटांचं तर बोलायलाच नको. त्यात भारतीय चलन बाहेर नेण्यावर फेमाचे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे, नियम वेगळे. त्यामुळे स्वतः पाकीट भरून अमेरिकेला कुरियर करायच्या फंदात अजिबात पडू नका. कंपनीच्या वेबसाइटवर भारतातले अधिकृत डीलर शोधा आणि त्यांना सरळ विचारा की नोट बाहेर जाणार का, गेली तर कागदपत्रं कोण करणार, पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो का, वाटेत गहाळ झाली तर जबाबदारी कोणाची. नीट उत्तर देत नसेल तर दुसरा डीलर बघा. आणि २०१६ च्या नोटबंदीतल्या ५०० आणि १००० च्या नोटा ठेवणाऱ्यांनी २०१७ चा कायदा वाचा, सर्वसाधारण माणसाला एकूण १० आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी २५ एवढीच मुभा आहे, त्यापेक्षा जास्त ठेवणं गुन्हा आहे.

नोट अस्सल आहे की नाही याचीच शंका असेल तर आधी जाणकार माणसाला दाखवा. त्र्यंबक रोडवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, १९८० पासून, मुख्य काम नाण्यांचं, पण एकदा तिथे जाऊन याच, जुनी वस्तू बघायची नजर कशी असते ते तिथे कळतं. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात किंवा सराफ बाजारात कोणी नोट बघून तोंडी ग्रेड सांगितला तर ऐकून घ्या, पण विकणारा कायम वरचा आकडा सांगतो आणि घेणारा खालचा, त्यावर निर्णय घेऊ नका.

पाठवायचं ठरलं की नोटेला काही करू नका. डाग पुसू नका, घडी सरळ करायला पुस्तकाखाली दाबू नका, सेलोटेप लावलेली असेल तर तशीच राहू द्या, काढायला गेलात तर कागदाचा थर निघतो. साध्या पीव्हीसी पाकिटातून काढून पीव्हीसी नसलेल्या स्लीव्हमध्ये घाला, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, सिरीयल नंबर वहीत लिहा आणि डीलरकडून त्या नंबरासकट पावती घ्या, नुसतं एक जुनी नोट असं लिहिलेली पावती घेऊ नका.

परत आली की डीलरच्या समोरच होल्डर बघा. सिरीयल नंबर, सहीचं नाव, वर्ष हे लेबलवर बरोबर आहे का ते पट्टीने ओळ धरून वाचा, सहीचं नाव चुकलं तर विकताना घेणारा शंका काढणारच, आणि छपाईची चूक असेल तर लगेच परत द्या, घरी नेऊन महिन्याने सांगितलं तर कोणी ऐकत नाही. सर्टिफिकेट नंबर मोबाइलवर तिथेच टाकून बघा. मग होल्डर उभे ठेवा, एकावर एक रचू नका, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि भिंतीतल्या लोखंडी कपाटात बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नका, ओल तिथूनच येते.