बंदरापासून दारापर्यंत : वादळानंतरच्या मदतवाहतुकीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

आपत्तीनंतरच्या मदतकामात करिअर करायचं म्हणून जी मुलं-मुली माझ्याशी बोलतात, त्यांच्या डोळ्यांसमोर जहाजं आणि विमानं असतात. साहजिक आहे, बातम्यांत तेवढंच दिसतं. मी या कामात आले ती 2017च्या मारिया चक्रीवादळाच्या वेळी. पुरवठा साखळी व्यवस्थापनाचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. पोर्तो रिकोला, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकेच्या बेटाला, माल पाठवणाऱ्या एका संस्थेच्या फ्लोरिडातल्या गोदामात मी लागले आणि पुढे बेटाच्या राजधानीत, सान हुआनला, गेले. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं : बेटाच्या बंदरात माल उतरला की निम्मं कामही झालेलं नसतं. बंदरापासून माणसाच्या दारापर्यंतचा पल्ला सर्वांत अवघड, आणि याच पल्ल्यावर काम जाणणारी माणसं सर्वांत कमी.

आधी तेव्हाची परिस्थिती समजून घ्या. 6 सप्टेंबरला इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेलं. ते थेट धडकलं नाही, तरी सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज गेली. शेजारच्या यूएस व्हर्जिन बेटांना मोठा फटका बसला होता, म्हणून फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, पोर्तो रिकोतल्या गोदामातला 80 टक्क्यांहून अधिक साठा इर्माच्या मदतीसाठी निघून गेला. तो भरून निघायच्या आतच, 20 सप्टेंबरला, मारिया याबुकोआजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 250 किलोमीटर. साऱ्या बेटाची वीज गेली, 95 टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. साधारण 34 लाख लोकांचं बेट, आपल्या अन्नापैकी सुमारे 85 टक्के बाहेरून आणणारं, आणि साठ्याचं गोदाम जवळजवळ रिकामं.

जहाजं मात्र लवकर आली. सान हुआनचं बंदर काही दिवसांतच सुरू झालं. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून निघालेलं वेगवान मालवाहू जहाज तीनेक दिवसांत पोचतं, बार्जला, म्हणजे ओढून न्यायच्या सपाट तळाच्या मालनौकेला, आठवडाभर लागतो. सप्टेंबर संपता संपता बंदराच्या आवारात जवळपास 10 हजार कंटेनर उभे होते. त्यात अन्न होतं, पाणी होतं, औषधंही होती, आणि तिथून काही तासांच्या अंतरावर डोंगरातली गावं रिकाम्या हातांनी बसली होती.

का? नव्या माणसाने इथे थांबून विचार करावा. ट्रकचालकाला बोलवायचं तर फोन लागत नाही. तो आपणहून आला तर ट्रकमध्ये डिझेल नाही. डिझेल मिळालं तर रस्त्यावर झाडं, विजेचे खांब, दरड. रस्ता मोकळा असला तरी दुकानदार शीतसाखळीतला, म्हणजे सतत थंड ठेवावा लागणारा, माल घेत नाही, कारण त्याच्या फ्रीझरला वीज नाही. आणि दुकानात माल आला तरी गिऱ्हाइकाकडे रोकड नाही, कार्ड चालत नाही. शेवटी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला विमानाने नोटा पाठवाव्या लागल्या. शिवाय भरलेले कंटेनर ज्या चाकांच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, उभे असतात ते सांगाडेही अडकून पडले. नव्याने येणारा कंटेनर ठेवायचा कशावर? साखळीतली एक कडी तुटली असती तर ती शोधून दुरुस्त करता आली असती. इथे सगळ्या एकदम तुटल्या होत्या, आणि प्रत्येकीची दुरुस्ती दुसरीवर अवलंबून होती.

त्याच दिवसांत जोन्स कायद्यावरून मोठा गदारोळ झाला. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारा माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकन निशाणाच्या जहाजातूनच गेला पाहिजे, असा हा 1920चा कायदा. 28 सप्टेंबरला त्यातून दहा दिवसांची सूट मिळाली. बेटावर वर्षानुवर्षं वस्तू महाग असण्याशी या कायद्याचा संबंध जोडला जातो आणि ती चर्चा व्हायलाच हवी. पण त्या आठवड्यांतली कोंडी समुद्रात नव्हती, जमिनीवर होती. कोंडी कुठे आहे हे ओळखता येणं ही या पेशातली पहिली पात्रता, असं मी मानते.

या उशिराची किंमत लोकांनी जिवाने मोजली. अधिकृत मृतांची संख्या बरेच महिने 64 होती. ऑगस्ट 2018मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ती 2,975 झाली. वादळाच्या दिवशी वाऱ्यापाण्याने गेलेले यात थोडे, बाकीचे पुढच्या सहा महिन्यांतले जास्तीचे मृत्यू. सर्वाधिक धोका होता गरीब वस्त्यांतल्या लोकांना आणि वयस्कर पुरुषांना. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, डायलिसिसला वीजही लागते आणि स्वच्छ पाणीही. व्हिएकेस या छोट्या बेटावरचं आरोग्यकेंद्र निकामी झालं, तेव्हा तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा छोट्या विमानाने मुख्य बेटावर न्यावं लागलं. हे आकडे मी प्रत्येक नवशिक्याला सांगते. कंटेनर किती पाठवले यावर समाधान मानण्याची सवय लागू नये म्हणून.

आता शिकायचं काय. सर्वांत आधी वजनाचा हिशेब. मदतकामातला स्फिअर मानदंड माणशी रोज किमान 15 लिटर पाणी धरतो : पिणं, स्वयंपाक, स्वच्छता मिळून. एक लाख लोक म्हणजे रोज 1,500 टन. कंटेनरमध्ये 25 टन भरले तरी रोज साठ कंटेनर, साठ चालक, साठ ट्रकांचं डिझेल, आणि हे सगळं फक्त पाण्यासाठी. सी-17सारखं अवाढव्य लष्करी विमान एका फेरीत 77 टनांच्या आसपास नेतं. एकदा स्वतः कागदावर हे गणित मांडलं की बाटलीबंद पाणी हा पहिल्या काही दिवसांचाच उपाय का असतो ते कळतं. त्यानंतर गाळणी, क्लोरीन, पंपासाठी जनरेटर आणि तो दुरुस्त करणारा तंत्रज्ञ पाठवायला हवा. मुलाखतीत मी उमेदवाराला असंच एखादं गणित घालते. उत्तर अचूक यावं अशी अपेक्षा नसते. डिझेल आणि चालक त्याच्या हिशेबात आले का, एवढंच पाहते.

दुसरं, कागद. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून नवे लोक ते टाळतात, आणि नेमकी इथेच मदत हरवते. फेमाच्या कामाची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांच्या अहवालानुसार पोर्तो रिकोला पाठवलेल्या खेपांपैकी सुमारे 38 टक्के खेपा नेमक्या कुठे आहेत याचा माग सुटला होता. त्यांची अंदाजे किंमत 25 कोटी 70 लाख डॉलर, आणि माल शेवटच्या ठिकाणी पोचायला सरासरी 69 दिवस लागले. सप्टेंबर 2018मध्ये, वादळाला वर्ष झाल्यावर, बेटाच्या पूर्वेकडच्या सेइबाच्या धावपट्टीवर पाण्याच्या बाटल्यांच्या पॅलेट्सच्या, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या, रांगाच्या रांगा उघड्यावर पडलेल्या साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिल्या. 2020च्या जानेवारीत पॉन्सेतल्या एका गोदामात न वाटलेलं साहित्य सापडलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप मला पूर्णपणे पटतो.

म्हणून गोदामात लागलात तर या गोष्टी हाताला लावून घ्या. एका पॅलेटवर शक्यतो एकच वस्तू. यादी कंटेनरच्या आतही आणि बाहेरही, आणि ती जिथे माल उघडला जाणार तिथल्या भाषेत, म्हणजे इथे स्पॅनिशमध्ये. ‘विविध साहित्य’ असं कधीही लिहू नका. हे दोन शब्द ज्या कंटेनरवर असतात तो सर्वांत शेवटी उघडला जातो. औषधांची मुदत आणि तापमान पहिल्या ओळीत. पाठवणाऱ्याच्या नावापेक्षा घेणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात. आणि संगणक चालणार नाही असं गृहीत धरून कार्बन कॉपीचं पावतीपुस्तक जवळ ठेवा.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं : घेणारा माणूस. पोर्तो रिकोत 78 म्युनिसिपिओ, म्हणजे नगरपालिका, आहेत आणि प्रत्येकाचा आल्काल्दे, म्हणजे महापौर, आपल्या भागातली कोणती वाट चालू आहे हे दूरच्या कुठल्याही नियंत्रण कक्षापेक्षा चांगलं जाणतो. फोन बंद असताना आम्ही माणसं पाठवून म्युनिसिपिओच्या कचेऱ्यांतून हाताने लिहिलेल्या याद्या आणायचो. काही यादीत पाणी नसायचंच. वर असायचे प्रौढांचे डायपर, इन्सुलिनसाठी बर्फ, करवतीसाठी तेल. अशा याद्यांनी मला वर्गात शिकलेल्या अंदाजपत्रकांपेक्षा जास्त शिकवलं. तेव्हापासून कोणत्याही ठिकाणी माल निघण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. काल काय आलं? त्यातलं काय संपलं? उद्या उतरवून घ्यायला कोण उभं राहणार? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं नाही, तर ट्रक थांबवून आधी ते नाव शोधा.

स्थानिक लोक हातावर हात ठेवून बसलेले नसतात. उतुआदोजवळच्या रिओ अबाहो वस्तीचा पूल वाहून गेला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी नदीवर तार ताणून सुपरमार्केटमधली ढकलगाडी कप्पीला लटकवली आणि तिच्यातून सामान पलीकडे नेलं. अधुंतासमधलं कासा पुएब्लो हे लोकांनी चालवलेलं केंद्र सौरऊर्जेवर होतं. आजूबाजूला अंधार असताना तिथे दिवे होते, लोक वैद्यकीय उपकरणं चालवायला तिथे जात. शेफ होसे आंद्रेस यांच्या वर्ल्ड सेंट्रल किचनने बेटावरच्या स्वयंपाक्यांना आणि बंद पडलेल्या स्वयंपाकघरांना हाताशी धरून 30 लाखांहून अधिक जेवणं दिली. याउलट, अनुभव नसलेल्या एका छोट्या कंपनीला 3 कोटी तयार जेवणांचं कंत्राट दिलं गेलं होतं. ते रद्द झालं तोवर तिच्याकडून आली होती 50 हजार. माझा सल्ला : खरेदी विभागात काम मिळालं तर ते कमी दर्जाचं समजू नका. कोण खरोखर पुरवू शकतो हे ओळखणं हे मदतकामच आहे.

आता नोकरीबद्दल थोडं. फेमाच्या नोकऱ्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी स्वयंसेवी संस्था, विद्यापीठांची संशोधन केंद्रं आणि आरोग्यसंस्थांचे पुरवठा विभाग पाहावेत. पोर्तो रिको अमेरिकेचाच प्रदेश असल्याने मुख्य भूमीवरून जायला वेगळा व्हिसा नको, पण डॉमिनिका किंवा बहामाजसारख्या बेटांवर तो प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय वाट धरायची तर पनामाकडे पाहा. रेडक्रॉस महासंघाचं आणि संयुक्त राष्ट्रांचं या भागासाठीचं साठा-केंद्र तिथे आहे. सुरुवातीची बहुतेक कामं कंत्राटी असतात आणि मोठ्या वादळानंतर अचानक निघतात. घरच्यांशी हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.

पदवी कोणती असा प्रश्न हमखास येतो. लॉजिस्टिक्स, औषधनिर्माण, नर्सिंग, स्थापत्य, कुठलीही चालते. स्पॅनिश मात्र टाळता येणार नाही. निदान ट्रकचालकाशी आणि गोदामाच्या दारातल्या माणसाशी बोलता येईल इतकी हवीच. जनरेटरची देखभाल, फोर्कलिफ्टचा परवाना आणि हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, यांपैकी एक तरी कौशल्य शिकून ठेवा. मारियानंतर अमेरिकन रेडक्रॉसच्या विनंतीवरून हॅम रेडिओचालकांचं पथक बेटावर गेलं होतं. बेट मुकं झालेलं असताना निरोप जात होते ते त्यांच्यासारख्यांमुळेच.

अटलांटिकचा वादळी हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. साठा आधीच नेऊन ठेवायची कामं मार्च ते मे या काळात चालतात आणि नव्या माणसाला शिकवायला लोकांना उसंत असते ती तेव्हाच. सप्टेंबरात वादळाची बातमी पाहून अर्ज करणारे खूप असतात, पण तेव्हा कुणालाच वेळ नसतो. फेब्रुवारीत अर्ज करा, आणि काम निवडायची संधी मिळाली तर साठा मोजण्याचं मागून घ्या.