वादग्रस्त वक्ता बोलावताय? या चुका टाळा

फ्लेक्स आधी आणि चौकशी मागून, हा आपल्या खान्देशातल्या कॉलेजांचा जुना रोग. मीही त्यातलाच. एका वर्षी व्याख्यानमालेचा फ्लेक्स चौकात लागला आणि दुसऱ्याच दिवशी एक संघटना निवेदन घेऊन प्राचार्यांच्या दारात उभी! शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “हाऊ कोन शे, भाऊ?” खरं सांगायचं तर मलाही धड ठाऊक नव्हतं. नाव एका विद्यार्थ्याने सुचवलं, मी फोनवर होकार देऊन मोकळा. तेव्हा चौकशी आधी, निमंत्रणपत्र नंतर, फ्लेक्स सगळ्यात शेवटी.

चौकशी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची क्लिप नव्हे. निवेदनासोबत आलेल्या क्लिपमध्ये आमचे पाहुणे भयंकर काहीतरी बोलत होते. रात्री बसून अख्खं भाषण ऐकलं, तर ते वाक्य विरोधकाचं. ते वाचून दाखवून पुढची दहा मिनिटं ते खोडत होते. अलीकडची दोन-तीन भाषणं पूर्ण ऐका. खटकलेलं वाक्य कितव्या मिनिटाला आहे, मागेपुढे काय आहे, ते कागदावर घ्या. समितीपुढे हाच कागद कामाला येतो.

कार्यक्रम नाकारताना “भावना दुखावतील” एवढंच कारण फाईलवर लिहू नका. बोलण्यावर बंधन घालायची संविधानाच्या कलम 19(2) मधली कारणं ठरलेली आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. गटागटांत वैर पेटवणारं बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे. न पटणारं बोलणं नाही. मोर्चाच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच रंगराजन खटल्यात सांगितलंय. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरात अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही साहित्य संमेलनं भरली, गाव जागेवरच आहे.

पोलीस ठाण्याला तोंडी कळवू नका. अर्ज द्या, पोच घ्या. जमावबंदीचा आदेश लागू आहे का, तेही तिथेच विचारा.

प्रश्नोत्तरं रद्द करणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. चिठ्ठ्या घेऊन अडचणीचे प्रश्न गाळणं त्याहून वाईट. आमच्याकडे माईक स्वयंसेवकाच्या हातात ठेवला, एकाला एकच प्रश्न. निवेदन देणाऱ्यांपैकी दोघे पहिल्या रांगेत होते. पहिला प्रश्न त्यांनाच विचारू दिला.